बीज, माती आणि अबकारी : मध्य प्रांत व वऱ्हाडातील गांजाच्या झाडाविषयीचा एक दुर्लक्षित प्रश्न

प्रास्ताविक

वसाहतकालीन अबकारी धोरणाचा अभ्यास आपल्याकडे बहुधा महसुलाच्या अंगाने होतो. दुकानांचे लिलाव, परवान्याचे शुल्क, मोहाच्या दारूच्या भट्ट्या, कलार समाजाचे स्थान आणि पुढे दारूबंदीची चळवळ या क्रमाने विषय मांडला जातो. गांजा आणि भांग यांना त्यात एखाद्या परिच्छेदापुरती जागा मिळते. त्या परिच्छेदातही चर्चा असते ती चिलमीची व साधूंची. ज्या झाडापासून हा माल होतो त्या झाडाची चर्चा क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखाचा विषय हे झाड, किंबहुना त्याचे बी, हा आहे.

या विषयाकडे वळण्यास एक साधा प्रसंग कारण झाला. नागपूरच्या सदर भागातील आमच्या महाविद्यालयात भारतीय भांग आयोगाच्या अहवालावर बोलत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "गांजाचे बी घरातल्या घरात, मातीत, उजेडावाचून रुजू शकते काय?" वर्गात हशा झाला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. रुजण्यासाठी उजेड लागत असेल, तर लागवड उघड्यावरच होणार आणि ती पाटील-कोतवालाच्या नजरेस पडणार. उजेड लागत नसेल, तर परसातल्या उकिरड्यावर टाकलेले बीसुद्धा कोणी न पेरता उगवू शकते. अशा वेळी उगवलेल्या झाडाचा धनी कोण, हा प्रश्न उपस्थित होतो. या एका प्रश्नाभोवती सव्वाशे वर्षांचा कायदा फिरत आलेला आहे, असे अभ्यासांती दिसून येते.

वनस्पतिशास्त्राचे उत्तर व लोकव्यवहाराची साक्ष

प्रथम मूळ प्रश्नाचे उत्तर नोंदविणे उचित होय. गांजाच्या बीला रुजण्यासाठी प्रकाशाची आवश्यकता नाही. ओलावा, ऊब आणि मातीत खेळती हवा एवढे मिळाले म्हणजे ते मातीच्या पातळ थराखाली, अंधारात, काही दिवसांत अंकुरते. वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत हे बी नसून एकबीजी शुष्क फळ आहे. त्यात वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा तेल असते. कोंब जमिनीवर येईपर्यंत लागणारी शिदोरी बीमध्येच असल्यामुळे त्याला वरच्या उजेडाची चाहूल घेण्याची गरज पडत नाही. तंबाखू किंवा लेट्यूस यांसारख्या अगदी बारीक बियांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्याजवळ शिदोरी नसते. खोल रुजले तर कोंब वाटेतच संपायचा. त्यामुळे अशा बियांच्या अनेक वाणांत उजेड हीच रुजण्याची खूण असते. लेट्यूसच्या बियांवर लाल प्रकाश टाकला की त्या रुजतात आणि अतिलाल प्रकाश टाकला की पुन्हा थांबतात, हे अमेरिकेत बॉर्थविक, हेंड्रिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. बीजांकुरण आणि प्रकाश यांच्या संबंधाचा आधुनिक अभ्यास या प्रयोगापासून नव्या पायावर उभा राहिला.

आपल्या लोकजीवनाला मात्र हे ज्ञान प्रयोगशाळेवाचून होते. घटस्थापनेच्या दिवशी देवघराच्या मंद उजेडात काळ्या मातीवर टाकलेले धान्य दसऱ्यापर्यंत वीतभर वाढते आणि त्याचे तुरे पिवळसर असतात, हे प्रत्येक घरातील स्त्रीला ठाऊक असते. निमाडात गणगौरीच्या उत्सवात गव्हाचे जवारे टोपल्यांत पेरून बंद खोलीत नऊ दिवस वाढवितात. त्या खोलीला तिकडे मातेची बाडी म्हणतात. रुजण्यास अंधार चालतो आणि हिरवेपणास उजेड लागतो, हा फरक या दोन्ही विधींत डोळ्यांसमोर घडतो. निमाडचा हा उल्लेख केवळ रंजनासाठी केलेला नाही. मध्य प्रांताचा गांजा ज्या खंडवा तालुक्यात पिकत असे, तो याच निमाड जिल्ह्यात होता.

नावांचा घोटाळा

मूळ साधनांकडे वळण्यापूर्वी एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक वाटते. इंग्रजी कागदपत्रांतील 'हेम्प' हा शब्द अत्यंत फसवा आहे. ताग, ज्याला काही ठिकाणी सण म्हणतात, त्यालाही इंग्रज अधिकारी हेम्प म्हणत. अंबाडीला तर 'डेक्कन हेम्प' असे भारदस्त नाव होते आणि तिच्या शास्त्रीय नावातही गांजाच्या कुळाची आठवण राहून गेली आहे. वास्तविक या तिन्ही वनस्पतींचे परस्परांशी काहीही नाते नाही. तागाचे कूळ शेंगवर्गीय, अंबाडी जास्वंदीच्या कुळातली आणि गांजा या दोहोंहून निराळा. एम. फिल.च्या प्रबंधासाठी टिपणे काढताना प्रस्तुत लेखकाने वऱ्हाडातील एका पीकतक्त्यातील 'हेम्प'चे संपूर्ण क्षेत्र गांजाखाली धरले होते. ती अंबाडी होती. मार्गदर्शकांनी वेळीच कान धरला नसता, तर वऱ्हाडातील अर्धे शेतकरी गांजाचे बागाईतदार ठरले असते! जिल्हा गॅझेटियरांतील आकडे सरसकट उचलणाऱ्या नवागत संशोधकांनी ही खूणगाठ बांधून ठेवावी.

भांग आयोग आणि मध्य प्रांत

१८९३ च्या मार्च महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात डब्ल्यू. एस. केन या मद्यनिषेधवादी सदस्याने बंगालमधील गांजाच्या व्यापाराविषयी प्रश्न उपस्थित केला. त्यातून त्याच वर्षी भारतीय भांग आयोगाची नेमणूक झाली आणि चौकशीची कक्षा बंगालपुरती न ठेवता सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढविण्यात आली. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष होते. सदस्यांमध्ये मुंबई इलाख्यातील पंचमहालचे कलेक्टर एच. टी. ओमॅनी, कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. वॉर्डन आणि मध्य प्रांतातील आयुक्त ए. एच. एल. फ्रेझर यांचा समावेश होता. ताहिरपूरचे राजे शशिशेखरेश्वर राय, कंवर हरनामसिंह अहलुवालिया आणि मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद हे तीन हिंदी सदस्य होते. फ्रेझर हे आयुष्याचा मोठा भाग मध्य प्रांताच्या सेवेत काढलेले अधिकारी. ते पुढे या प्रांताचे मुख्य आयुक्त आणि त्यानंतर बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. नागपूरच्या प्रशासनाचा अनुभव आयोगाच्या टेबलावर होता तो त्यांच्या रूपाने.

आयोगाने सत्तर प्रश्नांची यादी काढली, १,१९३ साक्षीदारांच्या साक्षी नोंदविल्या आणि १८९४ मध्ये अहवाल सादर केला. मध्य प्रांतातील साक्षी सहाव्या खंडात, तर मुंबई व वऱ्हाड येथील साक्षी सातव्या खंडात आहेत. (वऱ्हाड त्या काळी हैदराबाद संस्थानाकडून घेतलेला मुलूख म्हणून स्वतंत्रपणे हाताळला जाई. मध्य प्रांताशी त्याची जोड १९०३ मध्ये झाली.) हे सर्व खंड आता स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर उपलब्ध करून दिले असल्यामुळे नागपुरात बसूनही ते वाचता येतात. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी याचा जितका उपयोग करावयास हवा तितका केलेला नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

आयोगाचे सर्वपरिचित मत असे की मर्यादित सेवनाचे दुष्परिणाम जवळजवळ नाहीत आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही, इष्टही नाही. या मताचा उल्लेख आजकाल गांजाच्या समर्थनार्थ वारंवार होतो. तथापि आयोगाने प्रत्यक्षात सुचविलेली व्यवस्था फारशी उदार नव्हती. पुरेसा कर बसवावा, परवान्याशिवाय लागवडीस मनाई करावी, लागवड ठरावीक क्षेत्रात एकवटावी, दुकानांची संख्या आवरावी आणि जवळ बाळगण्याच्या मालास मर्यादा घालावी, असा तिचा रोख होता. राय व निहालचंद यांनी आपली भिन्न मते स्वतंत्रपणे नोंदविली, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

लागवड एकवटण्याचा नमुना आयोगाला आयताच मिळाला होता. बंगालमध्ये राजशाही भागातील नौगावच्या आसपासचा 'गांजा महाल' आणि मध्य प्रांतात खंडवा ही ती ठिकाणे. खंडव्याच्या शेतकऱ्यास परवाना घ्यावा लागे, माल सरकारी कोठारात जमा करावा लागे आणि तेथून तो परवानाधारक घाऊक व्यापाऱ्यांमार्फत प्रांतभर जाई. मुंबई इलाख्यात अहमदनगर हे लागवडीचे मुख्य केंद्र होते. नौगावला १९१७ मध्ये गांजा उत्पादकांची सहकारी संस्थाही निघाली. सहकाराच्या इतिहासात तिचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही, कदाचित संकोचामुळे असेल.

ही सारी व्यवस्था एका गृहीतकावर उभी होती. झाड तेथेच उगवेल जेथे ते लावले जाईल, हे ते गृहीतक होय. बीने ते मानले नाही.

नको असलेले बी

गांजाच्या उत्पादनात बी हा दोष समजला जातो. नर आणि मादी ही झाडे वेगवेगळी असतात. नराचा पराग मादीच्या तुऱ्यावर पडला की बी धरते आणि मालाचा दर्जा उतरतो. म्हणून फुले उमलण्यापूर्वीच नर झाडे उपटून टाकावी लागत. बंगालमध्ये हे काम करणारा वाकबगार मनुष्य 'पोद्दार' किंवा 'परखदार' म्हणून ओळखला जाई. इंग्रज अधिकारी त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणत. १८७७ मध्ये हेमचंद्र कर यांनी बंगालमधील लागवडीवर सादर केलेला अहवाल आणि १८९३ चा डेव्हिड प्रेन यांचा अहवाल यांत या कामाचे तपशील आले आहेत. एकेक झाड वाकवून, पानांच्या बेचक्यातील अंकुर पाहून परखदार निकाल देत असे आणि एका शेतातून त्याला अनेकदा फिरावे लागे, कारण काही झाडे उशिरा आपले रूप दाखवीत.

येथे युरोपीय विज्ञानाच्या इतिहासाशी एक तुलना सुचते. वनस्पतींमध्ये लिंगभेद असतो हे प्रयोगाने सिद्ध करण्याचे श्रेय ट्यूबिंगेन येथील कॅमरेरियस यांना दिले जाते. त्यांचे यासंबंधीचे प्रसिद्ध पत्र १६९४ चे आहे. त्यांनी ज्या वनस्पतींवर प्रयोग केले त्यांत भांगही होती आणि नेमके तिनेच त्यांना चकविले. नरांपासून दूर ठेवलेल्या मादी झाडांनाही थोडे बी धरले. आज आपण जाणतो की मादी झाडावर कधीकधी एखादे नर फूल येऊन जाते. युरोपच्या शेतकऱ्यांनी तर गोंधळाची परिसीमाच केली होती. इंग्रजी खेड्यांत बी देणाऱ्या धिप्पाड मादी झाडाला पुरुषवाचक 'कार्ल' हे नाव होते, कारण ते दणकट दिसे. परखदाराने अशी चूक केली असती तर त्याची मजुरी बुडाली असती. व्यवहारातील ज्ञान आणि ग्रंथातील ज्ञान यांच्या काळाचा हिशेब एकाच वहीत मांडता येत नाही, हे यावरून दिसते.

परखदार कितीही दक्ष असला तरी थोडे बी धरतच असे. हा गांजा बियांसकट कोठारातून दुकानात आणि दुकानातून ग्राहकाच्या हाती जाई. चिलीम भरण्यापूर्वी ग्राहक बिया निवडून फेकून देई, कारण जळताना त्या तडतडतात आणि धूर कडवट करतात. फेकलेले बी मठाच्या अंगणात, धर्मशाळेच्या भिंतीलगत, परसातल्या मोरीच्या कडेला पडे. पावसाळ्याची ओल आणि वैशाखाने तापलेली माती त्याला पुरेशी होती. उजेडाची वाट पाहण्याची गरज नसल्याने ते पालापाचोळ्याखालीही रुजे. सरकारी कोठाराच्या शिक्क्याने विकलेला माल स्वतःच आपल्या बेकायदेशीर वंशजांचे बी प्रांतभर पेरीत होता, ही विसंगती लक्षणीय आहे.

हिमालयाच्या पायथ्याशी भांग जंगली अवस्थेत विपुल उगवते. तेथे तिचा नायनाट करणे अशक्य, हे आयोगाने मान्य केले होते. दख्खन व मध्य प्रांताची स्थिती निराळी होती. येथे ती मूळची रानवट वनस्पती नाही. नागपूर किंवा अमरावतीच्या परसात दिसणारे झाड हे कोणाच्या तरी हातून सुटलेल्या बीचेच असणार. अर्थात हातून सुटणे आणि हेतुपूर्वक पेरणे यांत फरक आहे, आणि तो फरक झाडाकडे पाहून सांगता येत नाही. १८९६ चा अबकारी अधिनियम आणि त्यानंतरचा १९१५ चा मध्य प्रांत अबकारी अधिनियम यांनी परवान्यावाचून लागवडीला आळा घातला. लागवड ही मनुष्याची कृती असल्याने ती कोणाची हे सिद्ध करण्याचे ओझे मात्र या कायद्यांनी हटविले नाही.

उजेडाचे खरे स्थान

रुजण्यास उजेड लागत नाही, एवढ्यावरून या झाडाचे उजेडाशी देणेघेणे नाही असा समज होऊ नये. कोंब वर आल्यावर उजेड न मिळाल्यास तो घटातल्या धान्यासारखा पिवळा आणि लांबट होऊन मान टाकतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट फुलोऱ्याची आहे. ती प्रथम लक्षात आली पॅरिसमध्ये, काचगृहात वाढविलेल्या भांगेवरूनच. ज्यूलियन तुर्न्वा या तरुण फ्रेंच संशोधकाने १९१२ च्या सुमारास असे दाखविले की हिवाळ्यात काचगृहात पेरलेली भांग अगदी लहान असतानाच फुलते आणि त्याचे कारण थंडी नसून दिवसाचा आखूडपणा होय. पुढे त्याने कारणाचा रोख लांब रात्रीकडे वळविला. १९१४ मध्ये महायुद्धात तो मारला गेला आणि काम अर्धवट राहिले. याच तत्त्वाला व्यापक रूप देऊन दीप्तिकालिता ही संकल्पना मांडण्याचे श्रेय १९२० मध्ये गार्नर व अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळाले. आज बंद खोलीत दिव्यांखाली होणाऱ्या बेकायदेशीर लागवडीच्या ज्या बातम्या महानगरांतून येतात, त्यांतील दिव्यांचा संबंध बी रुजविण्याशी नसून वाढीशी व फुलोऱ्याशी आहे. पंचनाम्यात 'बी उगवण्यासाठी लावलेले दिवे' असे शब्द कोणी वापरले, तर ते शास्त्रदृष्ट्या चुकीचे ठरतील.

कायद्यातील बी

बीचे कायद्यातील स्थान कसे बदलत गेले, हे पाहणे उद्बोधक आहे. १९२५ च्या जिनिव्हा करारात 'इंडियन हेम्प'ची व्याख्या करताना केवळ मादी झाडाचे फुलोरे व फलधारी शेंडे धरण्यात आले. म्हणजे परखदाराचा निवाडा आंतरराष्ट्रीय कायद्यात दाखल झाला. १९६१ च्या करारातून लिंगभेद गळला, परंतु शेंड्यांसोबत नसलेले बी आणि पाने वगळण्यात आली. भारताच्या गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ मध्ये हीच व्याख्या उतरली. त्यामुळे भांगेची पाने अनेक राज्यांत परवान्याने विकली जाऊ शकतात आणि बीवर गांजा म्हणून गुन्हा होत नाही. २०२१ मध्ये तर केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेचे बी व त्याचे तेल यांना ठरावीक मर्यादांसह अन्न म्हणून मान्यता दिली.

याच अधिनियमाच्या विसाव्या कलमान्वये भांगेच्या झाडाची लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बी निर्दोष, शेंडा दोषी आणि मधले झाड गुन्ह्याचा पुरावा, अशी ही रचना आहे. जप्तीच्या वेळी बी व पाने वेगळी न करता संपूर्ण झाड तोलले गेले तर वजनाचा हिशेब बदलतो. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंतचे प्रमाण अल्प आणि वीस किलोंहून अधिक ते व्यापारी मानले जात असल्याने बियांचे वजन हा आरोपीच्या आयुष्यातील वर्षांचा प्रश्न बनतो.

लागवड म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने अलखराम विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (२००४) या प्रकरणात विचार केला. आरोपीच्या कुटुंबाच्या जमिनीवर गांजाची काही झाडे सापडली होती. झाडे आपोआपही उगवलेली असू शकतात, आरोपीने ती लावली व जोपासली याचा पुरावा अभियोग पक्षाने दिला पाहिजे, अशी न्यायालयाची भूमिका होती आणि आरोपीची सुटका झाली. एका फौजदारी अपिलात न्यायालयाला बीच्या स्वभावाची दखल घ्यावी लागली, हे येथे महत्त्वाचे. परखदाराच्या हातून निसटलेले आणि चिलमीतून वगळलेले बी कोणाच्याही बांधावर, कोणाच्याही इच्छेवाचून उगवते, ही वस्तुस्थिती आयोगापुढे १८९३ मध्ये प्रशासकीय अडचण होती. येथे ती आरोपीच्या बचावाचा आधार ठरली.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातील एक अलीकडील घटना नोंदविणे आवश्यक आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने आपल्या दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागितली. इतर पिकांना भाव मिळत नाही, उत्पादनखर्चही निघत नाही, असे कारण अर्जात होते. प्रशासनाने तो प्रसिद्धीचा प्रकार मानला आणि अर्ज पोलिसांकडे गेला. या अर्जातील उपरोध वृत्तपत्रांनी टिपला, त्यामागचा इतिहास मात्र कोणी सांगितला नाही. याच राज्याच्या अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) शेतकरी सरकारी परवान्याने हेच पीक घेत असत आणि सरकार त्यावर कर वसूल करीत असे. मोहोळच्या शेतकऱ्याने मागितलेली परवानगी त्याच्या पणजोबांच्या पिढीत, योग्य जिल्ह्यात जमीन असती तर, मिळू शकली असती.

आता खंडव्याच्या त्या कोठारातून नागपूरच्या दुकानांपर्यंत येणाऱ्या मालाचे हिशेब, परसातील झाडांबद्दल झालेले खटले आणि त्यांतील दंडाचे निकाल यांचा शोध विदर्भ अभिलेखागारात व जुन्या तहसील दप्तरांत घेतला जाणे आवश्यक आहे. ते काम वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्याला सोबत घेऊनच करावे लागेल, कारण दप्तरातल्या 'हेम्प'पुढे उभे राहिल्यावर पहिला प्रश्न पुन्हा तोच असतो : ही अंबाडी की गांजा?